सोलापूरच्या उन्हात खत का कुजेना?

मार्चमध्ये अंगणात विटांचा हौद रचून भाजीची देठं, साली, कडुनिंबाचा पाला टाकायला लागले. मेमध्ये पाहते तर पाला जसाच्या तसा, कुरकुरीत. आत मुंग्यांचं वारूळ. ऊन जितकं कडक तितकं लवकर कुजेल, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची. कुजवण्याचं काम जिवाणू करतात आणि त्यांना ओल लागते. आपल्याकडे पारा चाळीशीपार जातो, उघडा ढीग दोन दिवसांत खडखडीत वाळतो.

मग सगळं उपसलं. हौद कडुनिंबाच्या सावलीत हलवला. सासूबाईंनी सुचवल्याप्रमाणे शेणकाला केला: बादलीभर पाण्यात दोन ओंजळी ताजं शेण. ज्वारीचा कडबा बोटभर तुकडे करून घेतला. एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर दुप्पट-तिप्पट कडबा आणि पाला, वर शेणकाल्याचा शिपका. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यासाठीच राखलं. वरून ओलं गोणपाट.

ओल बघायची तर मूठभर घेऊन घट्ट दाबा. गोळा व्हावा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कडबा वाढवा, नाहीतर कुबट वास सुटतो.

चौथ्या दिवशी ढिगात हात घातला आणि चटकन मागे घेतला, इतकी ऊब! दर आठवड्याला खालीवर केलं. ऑगस्टमध्ये काळं, भुसभुशीत खत चाळून मोगऱ्याला घातलं. पहिल्या पावसासारखा वास होता त्याला.