ब्रेक आधी, रंग शेवटी: जुनी जीप-कार घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

जुनी गाडी दारात उभी राहिली की बघायला येणारा प्रत्येक जण आधी रंगाचं विचारतो. आपलाही हात पहिल्यांदा पॉलिश पेपरकडेच जातो. अर्ध्यावर सोडून दिलेल्या जेवढ्या गाड्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशीच झाली होती. हौस आणि पैसा पत्र्यावर संपला आणि मग कळलं की ब्रेकचा पाइप गंजलाय, वायरिंग उंदरांनी कुरतडलंय, टाकीच्या तळाशी गाळ साचलाय. ते काम करायचं म्हणजे नव्या रंगावरून पाने सरकणार. त्यात ब्रेक ऑइल सांडलं की रंग फुगून त्याचे पापुद्रे निघणार.

माझ्याकडे २११२ सीसीच्या प्यूजो डिझेल इंजिनाची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, आणि काकांची १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनीही मीच सांभाळतो. राहायला वाईत, त्यामुळे पसरणी घाट नेहमीचाच. सपाटीवर जे काम चालून जातं ते घाटात चालत नाही. म्हणून मी कामाचा क्रम ठरवून ठेवला आहे: गाडी आधी नीट थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे. दिवे, पिकअप, गाद्या त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी.

आणि काहीही करण्याआधी जॅकचं बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, विटांच्या थरावर तर मुळीच नाही. वीट आधी तडा दाखवत नाही, एकदम फुटते. दोन चांगले स्टँड घ्या, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, गाडी हातानं हलवून बघा आणि मगच खाली शिरा.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी लगेच स्टार्टर मारून बघणे

हा मोह आवरा. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनची एखादी रिंग गंजून चिकटलेली असते. पद्मिनीसारख्या पेट्रोल गाडीत प्लग काढून प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हातानं फिरवा. मोकळं फिरलं तरच बॅटरी जोडा. डिझेल जीपला ऑइल सोडायचं तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापणारा प्लग) काढून सोडता येतं. मात्र प्लग परत बसवण्याआधी इंजिन फिरवून जास्तीचं ऑइल बाहेर पडू द्या. एक गोष्ट कटाक्षानं टाळा: हीटर प्लगच्या इंजिनाला ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

ब्रेकची रबरं पेट्रोलनं धुणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जीपच्या मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) किट बदलताना मी नवे रबरी कप पेट्रोलमध्ये बुचकळून स्वच्छ केले. एका गॅरेजमध्ये तसंच करताना पाहिलं होतं. पहिले दोन दिवस पेडल छान कडक होतं. तिसऱ्या दिवशी पाचगणीहून उतरताना गाडी उतारावरही ओढल्यासारखी चालायला लागली आणि जळका वास आला. बाजूला घेऊन बघतो तर चारही ड्रम इतके तापलेले की हात जवळ नेववेना. पाय पेडलवर नव्हता, तरी ब्रेक लागलेलेच होते.

कारण असं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की दाबलेलं ऑइल त्यातून परत टाकीत जातं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांनी ब्रेकचं रबर फुगतं. फुगलेला कप त्या भोकावर बसतो आणि दाब आतच अडकतो. म्हणून रबर धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलनं, बसवतानाही तेच लावायचं. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून दुसरं कुठलं तेल पडलं असेल तर नुसतं काढून टाकल्यानं भागत नाही. सगळी रबरं आणि होस बदलावे लागतात.

ब्रेक अडकले की ड्रम खोलायची घाई होते. त्याआधी दोष कुठे आहे ते शोधता येतं. अडकलेल्या चाकाचा ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकलेला आहे. चाक तरीही घट्टच राहिलं तर दोष चाकापाशीच आहे: जास्त आवळलेला ॲडजस्टर, गंजलेला व्हील सिलिंडर किंवा, मागचं चाक असेल तर, हँडब्रेकची केबल. दाब अडकलेला असेल आणि त्रास एकाच चाकाला असेल तर त्याच्या रबरी होसवर संशय घ्या. जुना होस बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजून बंद झालेला असतो. चारही चाकं अडकत असतील तर मास्टर सिलिंडर बघा. त्यातही आधी पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते तपासा. पुशरॉड (पेडलकडून मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी) जास्त लांब ठेवला तरी ते भोक बंदच राहतं, आणि हे पाच मिनिटांचं काम असतं.

ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

हँडल थरथरलं की नवे टायर घेणे

ठरावीक वेगाला जीपचं हँडल थडथडायला लागतं. लोक टायर बदलतात, रुंद टायर घालतात, डँपर बसवतात. डँपरनं थरथर दबते, झीज तशीच राहते, आणि रुंद टायरनं तिच्यावरचा ताण वाढतो. चाकं जमिनीवर ठेवून एकाला हँडल थोडंथोडं डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉडचे सांधे, स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल बुश, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट यांवर एकेक करून बोटं ठेवा. जिथे आधी एक भाग हलतो आणि मग दुसरा, तिथली ढिलाई बोटाला लगेच कळते. मग चाक उचलून, वरखाली धरून हलवा, म्हणजे किंग पिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) आणि बेअरिंगचा अंदाज येतो.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे

"व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी गरम होणार नाही," हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. घेऊ नका. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर तापवतो. तो काढला की हिवाळ्यात इंजिन बराच वेळ थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, धूर येतो, सिलिंडर झिजतात. आणि ज्या तुंबलेल्या रेडिएटरमुळे गाडी गरम होत होती, तो तुंबलेलाच राहतो. घाटात पुन्हा तेच.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून दोऱ्यानं बांधा आणि पाण्याच्या पातेल्यात लटकवून गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आत तो उघडताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. उघडला तर दोष दुसरीकडे आहे. रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि किडे मागून पुढे, पाण्याच्या हलक्या धारेनं काढा. टोपीचं रबर बघा, पंख्याचा पट्टा बघा. मग थंड इंजिन टोपी काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर जवळजवळ खात्रीच. हेड काढावं लागलंच तर ते सपाट आहे का हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी असं काम मुरलेले कारागीर करतात, घरी पॉलिश पेपरवर घासून ते होत नाही.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनात बसतो.

अर्थिंग विसरणे

साताऱ्याच्या एका मित्रानं जीपची चेसिस सुंदर रंगवून घेतली. जोडणी झाल्यावर स्टार्टर रडत फिरायला लागला. त्यानं नवी बॅटरी घेतली, मग स्टार्टर दुरुस्त करून आणला, तरी फरक पडेना. बॅटरीची अर्थ पट्टी जिथे चेसिसला बसते तिथे रंगाचे दोन हात होते आणि इंजिनाकडून चेसिसला जाणारी पट्टी परत लावलेलीच नव्हती. करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. स्टार्टर मारला की केबल हाताला गरम लागायची.

मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर बॅटरीला दोष देण्याआधी अर्थिंग साफ करा. पट्टीची जागा चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासायची, बोल्ट आवळायचा, वरून थोडं ग्रीस लावायचं.

दिव्यांचंही तसंच. १०० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १६-१७ अँपिअर ओढतात. जुना स्विच एवढ्यासाठी बनलेला नाही, तो आतून वितळतो. मूळ ५५-६० वॉटचेच बल्ब ठेवा, रिले (दिव्यांचा करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा) आणि फ्यूज घाला. तेवढ्यानंही उजेडात मोठा फरक पडतो.

इंधनाची तक्रार असताना भलतंच खोलणे

डिझेल जीप सुरू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते, तेव्हा डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला (दाब-प्रमाण जुळवायला) नेण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत तसंच झालं तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचे सांधे आणि तांब्याचे वॉशर बघा. हवा ओढणाऱ्या सांध्यातून डिझेल बाहेर गळेलच असं नाही, म्हणून तो सहज सापडत नाही.

पद्मिनीची गोष्ट वेगळी. मे महिन्यात घाट चढून थांबली की पुन्हा सुरू होत नाही, कारण पंपात पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं पंपावर ठेवून दहा मिनिटं थांबलं की काम होतं. कार्बोरेटर खोलायची गरज नसते. मात्र आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा यांना ते सोसत नाही. इथेनॉल चालेल असे पाइप आणि पडदा आधीच बदलून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत तसंच पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा खातं.

आधी ड्रेन प्लग खोलणे

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का ते बघा. खालचा काढून सगळं ऑइल ओतून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. ऑइलचा ग्रेड पुस्तकात बघून घ्या. डिफरन्शियलचं जीएल-५ ऑइल पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला मानवतंच असं नाही.

गंज झाकणे

गंजावर लांबी (पुट्टी) आणि वर अंडरकोटिंग म्हणजे ओलावा आत कोंडणं. पहिल्या पावसाळ्यात काही दिसत नाही, दुसऱ्यात फोड येतात. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा. उघडं लोखंड त्याच दिवशी प्राइमरखाली गेलं पाहिजे, जून-जुलैत तर काही तासांत. दरवाज्याच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती लांबीनं बुजवू नका.

वेल्डर आणि रंगारी येण्याआधी चेसिस नंबरची जागा त्यांना बोट ठेवून दाखवा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्या वेळी आरटीओत नंबरवर कागद ठेवून, पेन्सिल घासून छाप घेतात. ग्राइंडरखाली नंबर पुसट झाला किंवा वर वेल्डिंगचा टाका बसला, तर इतकी मेहनत घेतलेली गाडी संशयास्पद ठरते. जागा हलक्या तारेच्या ब्रशनं साफ करा, फोटो काढा, वर मास्किंग टेप चिकटवा. रंग वाळला की टेप काढून पातळ ग्रीसचा हात द्या. रंग मुळापेक्षा वेगळा दिला असेल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यायला त्याच आठवड्यात जा.