दारू सुटल्यावर मोकळं व्हायला काय काय बांधून घ्यावं लागतं

बाटली बंद झाली म्हणजे माणूस सुटला, असं घरच्यांना वाटतं. पण ‘प्यावी की नको’ हा वाद डोक्यात दिवसभर चालू असेल, तर दिवस अजून दारूचाच आहे. तो वाद विझायला महिने लागतात. तोवर काही गाठी स्वतःच्या हाताने मारून घ्यायच्या असतात, आणि नंतर त्या एकेक करून सोडायच्या असतात.

रोज पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप सुरू झाला तर प्रकरण जिवावरचं असतं. आधी कधी फिट आली असेल किंवा सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात आधीच दाखवा. तिथे उतरत्या मात्रेच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ हा आपल्याकडचा हट्ट इथे महागात पडतो: बी-१ न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला पिण्याचं खरं प्रमाण सांगा, अर्धं नको.

दारू सोडायची गोळी (डायसल्फिराम) भाजीत कालवून देण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. देऊ नका. गोळी पोटात आहे हे माहीत नसताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळतो, मृत्यूही होऊ शकतो. त्याला माहीत असताना, डॉक्टरांनी लिव्हर आणि हृदय तपासून दिली तर रोज सकाळी घरच्यांसमोर घ्यायची. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा टाळायचं.

आता पैसा. यंत्रमागावरचा असो की एमआयडीसीतला, पगाराची संध्याकाळ सर्वांत अवघड. एटीएम कार्ड घरी, खिशात चहा-रिक्षापुरते पैसे. लोक कार्ड देतात आणि मोबाईलमधलं यूपीआय तसंच ठेवतात; घसरण तिथूनच होते. रोख पगार मिळत असेल तर घरचं कुणीतरी सोबत जावं. नेहमीच्या दुकानावरून जाणारा रस्ता बदला, दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल. सहाच्या आत काहीतरी खा. कडक भाकरी-शेंगाचटणी असली तरी पुरे, कारण पोटातली भूक आणि दारूची ओढ पहिल्या महिन्यात सारखीच वाटते. ओढ साधारण अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ ताक प्या, कुणाला तरी फोन लावा, सोलापुरात असाल तर कंबर तलावाकडे चालत निघा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, लग्नात आग्रह होणारच. ‘आज नको’ म्हटलंत की उद्याचं आमंत्रण पक्कं. ‘सोडली’ एवढंच म्हणा आणि जेवणाच्या पंगतीकडे वळा.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ. बैठकीला फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. सुरुवातीला रोज जाता आलं तर उत्तम. रात्री कुणीच नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मन फारच खचलं असेल तर टेलिमानस १४४१६.

घरच्यांनी रोज तोंडाचा वास घेत बसू नये. सकाळी गोळी समोर घेतली, विषय संपला. तीन महिन्यांनी तारीख ठरवून आधी कार्ड परत द्या, मग उशिरा येण्याची मुभा. जुना रस्ता मात्र शेवटी, आणि घाई नको. सगळं एकाच दिवशी परत दिलं तर ते सुटकेपेक्षा परीक्षाच वाटतं.

पाय घसरला तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. चार-सहा दिवस सलग प्यायला असाल तर पुन्हा एकदम बंद करू नका. आणि मध्ये काही महिने गेले असतील तर जुन्या मापाने घेतलेली दारू शरीराला झेपत नाही. माणूस बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.