रास्पबेरी पाय ४ वरचं अँड्रॉइड नीट बंद कसं करायचं?
रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरवर कोन्स्टाकँग या डेव्हलपरने बनवलेली लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली) टाकली की अँड्रॉइड चालतं, पण बोर्डावर पॉवरचं बटणच नाही. मग लोक सरळ वायर उपसतात आणि कधीतरी एसडी कार्डावरचा डेटा बिघडतो. साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, काम होतं.

१. एफ५ दाबून धरा, पॉवरचा मेनू येईल.
२. त्यातून बंद करण्याचा पर्याय निवडा.
३. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच प्लग काढा.

एफ१ होम, एफ२ बॅक, एफ३ चालू अ‍ॅप्स. आवाज एफ११-एफ१२ वर. माउसपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत.

मोबाइलचा जुना चार्जर मात्र लावू नका. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा.