जुन्या गाडीचं बेज इंटिरियर काळं करायचंय?
सेकंडहँड डिझायर घेतली, गाडी झकास पण आतलं बेज प्लास्टिक पार मळकट, म्हणून दरवाजाचे ट्रिम आणि कन्सोल सिडकोतल्या घरी गच्चीवर स्वतःच काळे केले.

खरं काम रंगाचं नाहीच, साफसफाईचं आहे. आधीच्या मालकाने डॅशबोर्ड पॉलिश चोपडलेलं असतं, त्यातलं सिलिकॉन राहिलं की रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, माझ्या पहिल्या पॅनलवर सतरा पडले, मोजले मी! म्हणून आधी साबणपाणी आणि ब्रश, वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, टेक्स्चर घालवायचं नाहीये फक्त चमक मारायचीये, आणि परत एकदा अल्कोहोल.

पार्ट उलटा करून बघा, मागे PP (पॉलिप्रोपिलीन, प्लास्टिकचा एक प्रकार) कोरलेलं असेल तर प्लास्टिक प्रायमर लागतोच, नाहीतर नखाने रंग सोलून निघतो. मग मॅट काळा स्प्रे, २०-२५ सेंमीवरून, पातळ ३-४ हात, मध्ये १०-१५ मिनिटं. एकाच हातात झाकायला गेलात तर ओघळ आलाच समजा.

नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये या भानगडीत पडू नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतर करा, तोंडाला मास्क लावून.

आणि एअरबॅगच्या कव्हरला हात लावायचा नाही. बेज राहू दे तेवढं.