नाताळातील ऐतिहासिक प्रेमकथा कशी लिहावी

नाताळच्या पार्श्वभूमीवर हलकीफुलकी ऐतिहासिक प्रेमकथा लिहायची असेल, तर नायक-नायिकेची नावे सुचण्याआधी कथेचे साल पक्के करावे. ‘जुने इंग्लंड’ एवढ्यावर भागत नाही. १८११ ते १८२० हा रीजन्सीचा, म्हणजे आजारी राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो काळ निवडला, तर घरात सजवलेले नाताळचे झाड सहसा नसते, कारण इंग्लंडमधील सर्वसामान्य घरांत ती प्रथा रुजली १८४० नंतर. नाताळची छापील शुभेच्छापत्रेही १८४३ पासूनची आहेत.

ही उणीव मिसलटो ही पांढऱ्या फळांची वनस्पती भरून काढते. छताला टांगलेल्या त्या डहाळीखाली चुंबन घेतले, की तिच्यावरचे एक पांढरे फळ तोडायचे आणि फळे संपली की मुभाही संपली, असा संकेत होता. समजा, दुपारी फळांनी लगडलेली डहाळी नायकाने मनात टिपून ठेवली आणि संध्याकाळी धीर एकवटून तो तिथे आला, तोवर नायिकेच्या धाकट्या भावंडांनी खेळता खेळता सगळी फळे तोडून टाकलेली आहेत. आता रिकाम्या डहाळीखाली दोघांना निमित्ताविना उभे राहून बोलावे लागते. माझ्या मते अशा कथेचा गोडवा इथेच असतो. खलपुरुष आणण्याची गरज नाही, त्या काळचे रीतिरिवाजच पुरेसे अडथळे उभे करतात.

पत्रांचेही तसेच. वाङ्निश्चय झालेला नसताना तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्रे लिहिणे अशोभनीय मानले जाई, आणि टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याने भरायचा असे. त्यामुळे नायकाने लिहिलेच, तर ते पत्र सोडवून घेण्यासाठी पैसे मोजणार नायिकेचे वडील, तेही सगळे कुटुंब न्याहारीला बसलेले असताना! हा प्रसंग सावकाश, प्रत्येकाची नजर कुठे वळते ते दाखवत लिहावा.

शेवट आखताना पंचांग जवळ ठेवावे. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार परवाना न काढता लग्न करायचे, तर चर्चमध्ये तीन रविवारी जाहीर घोषणा व्हावी लागे, आणि एकविसाव्या वर्षाआधी परवान्यावर लग्न करायचे तर पालकांची संमती लागे. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी या सणाच्या दिवसांत फार तर दोन रविवार येतात. म्हणजे नाताळच्या दिवशी जुळलेली जोडी पाहुणे पांगण्यापूर्वी या मार्गाने बोहल्यावर चढू शकत नाही. लेखकाने एक तर बिशपच्या परवान्याची तजवीज कथेत आधीच पेरावी, नाहीतर वाङ्निश्चयावर थांबावे. मी दुसरा पर्याय निवडेन: बाराव्या रात्रीच्या, म्हणजे नाताळचा सण संपतानाच्या मेजवानीत केकमध्ये दडवलेला घेवड्याचा दाणा ज्याला मिळे तो त्या रात्रीचा राजा ठरे, आणि लाजऱ्या नायकाला सर्वांसमक्ष बोलण्याचा हक्क त्या दाण्यामुळे सहज मिळतो.