कोकणात घर विकत घेण्यापूर्वी सेप्टिक टाकी कशी तपासावी

रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात जुने घर किंवा नवा बंगला घेणारे बहुतेक खरेदीदार सातबारा पाहतात, विहिरीला मे महिन्यात पाणी टिकते का हे शेजाऱ्यांना विचारतात आणि छपराचे वासे ठोकून बघतात. पण शौचालयातून गेलेले पाणी पुढे कुठे जाते हा प्रश्न त्यांना इसार देऊन झाल्यावर, आणि पुष्कळदा पहिला पावसाळा लागल्यावरच पडतो. या गावांमधून भुयारी गटार सहसा नसते. सेप्टिक टाकी आणि तिच्यातून निघालेले पाणी जमिनीत जिरवणारा तिच्यामागचा शोषखड्डा हीच घराची सारी व्यवस्था असते, आणि ज्या अंगणात ती असते त्याच अंगणात पिण्याच्या पाण्याची विहीरही असते.

टाकी मैलापाणी शुद्ध करते, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. टाकीत जड मैला तळाशी बसून गाळ होतो, तेलकट व हलका भाग वर सायीसारखा तरंगतो, आणि मधले तुलनेने निवळ पाणी बाहेर पडते. त्या पाण्यात रोगजंतू असतातच. त्यांना अडवण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते. कोकणात नेमकी इथेच अडचण येते, कारण जांभ्याच्या सच्छिद्र, पोकळ्यांनी भरलेल्या थरातून पाणी फार लवकर निघून जाते आणि गाळले जाण्यास पुरेसा वेळच मिळत नाही, तर अखंड कातळावर ते मुळीच जिरत नाही. म्हणून केवळ टाकी पाहून भागत नाही. पाण्याचा शेवटपर्यंतचा मार्ग पाहावा लागतो.

पहिली चौकशी विकणाऱ्याकडे करावी. टाकी कुठे आहे, कोणत्या वर्षी बांधली, किती कप्प्यांची आहे, तळ पक्का आहे की उघडा, आणि शेवटचा उपसा कधी झाला, हे विचारावे. मंजूर नकाशात टाकी दाखवलेली असल्यास तो नकाशा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा. ‘बांधल्यापासून वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे उत्तर अनेकदा अभिमानाने दिले जाते, पण माझ्या मते जास्तीत जास्त सावध करणारे उत्तर हेच आहे. वापरात असलेल्या टाकीत गाळ साचतोच. तो काढलाच नसेल, तर तळ उघडा असून मैला थेट जमिनीत उतरत आहे, किंवा टाकी गाळाने भरून कच्चे मैलापाणी तसेच पुढे ढकलले जात आहे, असे समजून पुढची तपासणी करावी.

त्यानंतर मोजपट्टी घेऊन अंगणात फिरावे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून किमान ६ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. हे अंतर आपल्या विहिरीपासून मोजावे, तसेच शेजाऱ्याच्या विहिरीपासून आणि शेजाऱ्याच्या शोषखड्ड्यापासून आपल्या विहिरीपर्यंतही मोजावे, कारण कुंपणाला जमिनीखाली काही अर्थ नसतो. विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल, तर १८ मीटरवरही समाधान मानू नये. शोषखड्ड्याजवळची जमीन कोरड्या दिवसांतही ओलसर लागते का, एका पट्ट्यातच गवत किंवा अळू विशेष माजले आहे का, आणि टाकीतून निघालेला एखादा पाईप गुपचूप पऱ्ह्यात, गटारात किंवा मागच्या बागेत सोडला आहे का, हे पाहावे. हवेचा पाईप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा, त्याच्या तोंडाला डास रोखणारी जाळी असावी, आणि टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असल्यास तो छपरापेक्षा सुमारे २ मीटर उंच गेलेला असावा.

टाकीचा आकारही ताडून पाहावा. पाच माणसांसाठी मानकात दिलेली टाकी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याच्या पातळीखाली १ मीटर खोल असते; कोणतीही टाकी १,००० लिटरपेक्षा लहान नसावी. कोकणातल्या जुन्या घरांत मोरीचे व न्हाणीचे पाणी माडांना जाते आणि टाकीत फक्त शौचालयाचे पाणी येते. मात्र घराची डागडुजी करताना नव्या न्हाणीघरांचे आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी त्याच जुन्या टाकीला जोडले गेले असेल, किंवा आपण घरगुती निवास चालवण्याचा विचार करत असाल, तर ती टाकी अपुरी पडणार हे गृहीत धरूनच किमतीची बोलणी करावीत.

आता पाण्याची चाचणी. सर्व शौचालयांतून आणि न्हाणीघरांतून एकापाठोपाठ पंधरा-वीस बादल्या पाणी सोडावे, आणि त्या वेळी दुसऱ्या माणसाने चेंबरजवळ उभे राहावे. पाणी चेंबरमध्ये तुंबते का, भांड्यातून गुडगुड आवाज येतो का, शोषखड्ड्याभोवती ओल वर येते का, हे पाहावे. घर अनेक महिने बंद असेल तर शोषखड्डा सुकलेला असतो आणि पहिल्या दिवशी सारे पाणी निमूटपणे पिऊन टाकतो. अशा घरात हीच चाचणी सलग दोन-तीन दिवस करणे आवश्यक आहे.

टाकीचे झाकण अनुभवी प्लंबरकडूनच उघडून घ्यावे. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू असतात. त्यांतला पहिला पेट घेतो. दुसरा जास्त प्रमाणात असला की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास येत नाही म्हणून धोका नाही असे मुळीच मानू नये. झाकण काढल्यावर काही वेळ दूर थांबावे, काडी किंवा विडी पेटवू नये, तोंडाशी वाकून डोकावू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि काम होताच झाकण घट्ट बसवावे.

उघडलेल्या टाकीत सर्वांत आधी पाण्याची पातळी पाहावी, कारण ती एकच खूण बरेच काही सांगून जाते. पातळी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तळाला लागून असेल तर टाकी ठीक चालते आहे. पातळी त्याहून बरीच खाली असेल, तर टाकी कुठून तरी गळते आहे. पातळी वर चढून पाईप बुडाला असेल, तर पुढचा पाईप किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही. त्यानंतर लांब बांबूच्या टोकाला पांढरे, खरखरीत कापड गुंडाळून तो तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडावा, काही मिनिटे तसाच ठेवावा आणि हळूच वर काढावा. कापडावर जिथपर्यंत काळा, दाट गाळ चिकटलेला दिसेल तिथपर्यंत गाळाचा थर आहे. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक-तृतीयांश झाली, की उपशाची वेळ झाली. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाईपांना इंग्रजी टी अक्षरासारखे तुकडे जोडलेले आहेत ना, हेही पाहावे. बाहेरच्या बाजूचा तुकडा तुटला असेल तर साय थेट शोषखड्ड्यात जाऊन तो कायमचा बुजवते.

व्यवहार मोठा असेल तर विकणाऱ्याने आपल्यासमोर टाकी उपसून द्यावी, असा आग्रह धरावा. सक्शन गाडीने पाणी खाली जाताना बाहेरच्या पाईपातून पाणी उलटे टाकीत आले, तर शोषखड्डा भरलेला आहे. भिंतींतून धारा लागल्या, तर टाकीला तडे आहेत. या कामासाठी कोणत्याही परिस्थितीत माणूस आत उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शिक्षेची भीती हे खरे कारण नव्हे. एक माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. अरुंद रस्त्यामुळे गाडी येत नसेल तर लांब नळीची सोय होईपर्यंत थांबावे.

शक्य असल्यास घर दोनदा पाहावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा श्रावणात. भूजल वर आले की मे महिन्यात उत्तम चालणारा शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. प्लास्टिकची तयार टाकी असेल तर भर पावसाळ्यात ती पूर्ण रिकामी करू नये, कारण भोवतालचे पाणी तिला उचलून पाईप तोडू शकते.

विहिरीच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा, आणि तोही शक्यतो पावसाळ्यात घेतलेला असावा. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नयेत आणि नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. दोन्ही वाढलेले असतील तर मैलापाणी विहिरीत पोहोचत असल्याचा संशय बळावतो. तसे असल्यास शोषखड्डा हलवण्याचा खर्च विकणाऱ्याने करायचा की किमतीतून वजा करायचा, हे साठेखतातच लिहून घ्यावे.

घर ताब्यात आल्यावर दर दोन-तीन वर्षांनी उपसा करावा. राज्यात वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी असा ठरावीक मुदतीचा उपसा सुरू केला आहे. गावात ती सोय नसल्याने तारीख आपणच लक्षात ठेवावी लागते. गाडीवाला मैला कुठे रिकामा करतो हेही विचारावे, कारण तो पुढच्या वळणावरच्या व्हाळात ओतला गेला तर तुमची टाकी साफ होऊनही गावाच्या पाण्यात घाण मिसळलीच. छपराच्या पन्हाळीचे पाणी टाकीला जोडू नये आणि शौचालयात वारंवार ॲसिड ओतू नये, कारण त्याने टाकीतले उपयुक्त जिवाणू मरतात. टाकी, चेंबर, शोषखड्डा आणि विहीर यांची घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनची अंतरे लिहिलेला हाताने काढलेला नकाशा, उपशाच्या पावत्यांसह, खरेदीखताच्याच फाइलमध्ये ठेवावा.