संस्था नोंदणी आणि करसवलत : उद्देशांचे कलम आधी लिहा

मुंबईत धर्मादाय संस्था काढू इच्छिणारे लोक बहुधा पहिल्यांदा विचारतात, वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात कोणती कागदपत्रे लागतात. न्यासपत्र (ट्रस्ट डीड), विश्वस्तांची ओळखपत्रे, जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि वीजबिल ही यादी कोणताही वकील देऊ शकतो. माझ्या अनुभवात खरे काम त्याआधीचे, उद्देशांचे कलम लिहिण्याचे असते, कारण पुढे आयकर अधिकारी तेच कलम शब्दशः वाचतो.

लालबाग-परळ भागातील एका ग्रामस्थ मंडळाच्या शैक्षणिक न्यासाच्या नोंदणीत माझा सहभाग होता. मंडळाच्या मूळ घटनेत ‘ज्ञातिबांधवांची उन्नती’ हा उद्देश होता आणि ज्येष्ठ सभासदांना तोच न्यासपत्रातही हवा होता. मात्र १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३ नुसार, त्या कायद्यानंतर एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासाला करमाफी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या न्यासांना हा निर्बंध लागू नाही. सभेत बरीच चर्चा होऊन ‘जात-धर्माचा भेद न करता गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणसाहाय्य’ असे शब्द ठरले, आणि करसवलतीचा प्रश्न नसता तरी हेच शब्द योग्य होते असे मला मनापासून वाटते. न्यास विसर्जित झाल्यास शिल्लक निधी समान उद्देशांच्या धर्मादाय संस्थेकडेच जाईल, विश्वस्तांकडे नाही, हे कलमही तेव्हाच घालून घ्यावे.

नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्थेलाही महाराष्ट्रात ती करावी लागते. त्यानंतर पॅन व बँक खाते, आणि मग आयकराच्या दोन स्वतंत्र नोंदण्या. कलम १२-एबी संस्थेचे उत्पन्न करमुक्त करते, पण त्यासाठी साधारणतः ८५ टक्के उत्पन्न उद्देशांवर खर्च व्हावे लागते. कलम ८०-जी देणगीदाराला बहुधा देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट देते. २,००० रुपयांवरील रोख देणगीला आणि नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला ती मिळत नाही, हे देणगी मागतानाच स्पष्ट सांगावे. आम्ही अर्ज केला तेव्हा नव्या संस्थेला ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळत असे, आणि ती संपण्याच्या किमान ६ महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागे. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक सीएकडून पडताळून घ्यावेत.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा. माझ्या पाहण्यातील जुन्या मंडळांत हेच सर्वाधिक राहून जाते, आणि स्थावर मालमत्ता विकण्यासाठी १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ खाली परवानगी मागताना अर्जावर सही करणारे विश्वस्त नोंदवहीत नसतात.